शब्दचर्चा : विणकामातला 'नमुना', 'तुकडा' की 'वानगी'?

लष्करवाली : मंडळी, एक शब्द हवाय. स्वेटर सुरू करण्याआधी त्याच लोकरीचा, त्याच सुयांवर हातभर नव्हे, पण वीतभर चौकोन विणून बघतो ना, त्या स्वॉचला मराठीत काय म्हणाल? मी 'नमुना' म्हणत होते. परवा सासूबाईंना सांगितलं, "नमुना धुऊन वाळत टाकलाय." त्या म्हणाल्या, "अगं, कागद धुतलास?" कारण आमच्या घरी नमुना म्हणजे ग्राफच्या कागदावरचं डिझाइन. (आणि तिसरा नमुना म्हणजे आमचे धाकटे दीर.)

डिझाइन माझंच आहे. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर मान मंदिराच्या भिंतीवर निळ्या फरशांत पिवळ्या बदकांची ओळ आहे, ती स्वेटरच्या छातीवर घ्यायची आहे. कागदावर बदक 12 चौकोन रुंद, 12 उंच, अगदी ऐटबाज. विणलं तर बसकं! मोजलं तेव्हा कळलं, 10 सेंटिमीटरात टाके 24 पण ओळी 30. म्हणजे बदक 5 सेंटिमीटर रुंद आणि 4 उंच. आता मानेत तीन ओळी वाढवल्यात. हे ज्या चौकोनाने दाखवलं त्याला नाव नको?

जुनी सुई : आई 'तुकडा' म्हणायची. "आधी तुकडा घाल, मग फंदे (म्हणजे टाके) मोज." झालं की.

दाल बाजार : 'वानगी' आहे की! आमच्याकडे व्यापारी पोत्यातून मूठभर डाळ काढून दाखवतात, ती बानगी. तीच मराठीत वानगी. आपण मात्र तिला 'वानगीदाखल'मध्ये कोंडून ठेवलंय, एरवी कोणी बाहेर काढत नाही.

उलटसुलट : शब्द गोड आहे, पण अर्थात खोट आहे. वानगी असलेल्या मालातून काढतात. पोतं आधी, मूठ नंतर. इथे स्वेटरचा पत्ताच नाही, मग वानगी कशाची? त्यापेक्षा 'चाचणीचा तुकडा' बरा.

लष्करवाली : हाताची! हात असतोच ना आधीपासून. माझीच फजिती सांगते. मागच्या थंडीत वानगी (बघा, वापरलाच) एकाच रंगात घातली : 10 सेंटिमीटरात 22 टाके. त्या हिशोबाने 100 सेंटिमीटरसाठी 220 टाके घातले. पण दोन रंग एका ओळीत चालवले की माझा हात आवळतो, टाके झाले 24. स्वेटर भरला जेमतेम 92. यजमानांनी तो श्वास रोखून एकदा घातला, मग पुतण्याला गेला. ज्या कामाची वानगी हवी, तेच काम त्या चौकोनात करायला हवं. आणि धुऊन, वाळवून मगच मोजायचं. लोकर पाण्यात स्वभाव बदलते.

उलटसुलट : 'हाताची वानगी' पटलं. माघार.

जुनी सुई : रंगांसाठीही तीच घालावी लागते. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला' म्हणतात. वाण म्हणजे रंग. लोकरीत उलटं, वाणच लागतो! तोच पिवळा गडद निळ्याशेजारी झळाळतो, क्रीमशेजारी विरून जातो. लोकरीचे गुंडे शेजारी ठेवून कळत नाही, टाक्याला टाका भिडल्यावर कळतं. नातीने युक्ती शिकवली : वानगीचा मोबाइलवर काळापांढरा फोटो काढायचा. दोन्ही रंग सारखेच करडे आले तर नक्षी लांबून दिसणार नाही.

दाल बाजार : बघा, आजींनीही 'तुकडा' सोडला!

जुनी सुई : सोडला नाही. घालायचा तुकडा, बघायची वानगी.

लष्करवाली : आता दुसरा शब्द. रंग वापरात नसताना त्याचा धागा मागच्या बाजूने आडवा जातो, त्याला काय म्हणायचं? 'धावदोरा' सुचला होता, पण तो शिवणाने कधीच पळवलाय.

जुनी सुई : मी नुसतं 'मागचा धागा' म्हणते. पाच टाक्यांपुढे लांबला की वाटेत अडकवून घे, नाहीतर झोळ पडतो आणि घालताना पोराची बोटं त्यात जातात. ओढून घेतलास तर पुढून सुरकुती. तुझ्या दोन बदकांत अंतर किती?

लष्करवाली : नऊ टाके.

जुनी सुई : मग मधे एखादा ठिपका घाल. पाणी समज.