रविवारच्या फवारणीतून गच्ची वगळा

बी-302 काकू: गच्चीतल्या गुलाबावर हा हिरवागार कोळी बसलाय. पाय बघा कसले काटेरी! नात तिथेच खेळते. रविवारी फवारणी आहे ना, मग गच्चीपासूनच सुरू करा.

सेक्रेटरी: माणूस 11 ला येतोय. गच्ची घेऊ.

सी-101 काका: आधी सी विंगचं चेंबर. मागच्या वेळीही राहिलं.

ए-404 मेधा: सेक्रेटरी साहेब, थांबा जरा. काकू, हा लिंक्स कोळी, शास्त्रीय नाव प्युसेटिया विरिडाना. फोटो मोठा करून बघा: पायांवर लांब काळे काटे, पोट मागे निमुळतं. 8 डोळ्यांपैकी 6 षटकोनात. हा भक्ष्यासाठी जाळं विणत नाही, पानावर दबा धरतो आणि झडप घालतो.

बी-105 राणे: चला, सोसायटीत कोणीतरी जागं राहून राखण करतंय 😂

सेक्रेटरी: वॉचमनचा विषय मीटिंगमध्ये. इथे नको.

सी-101 काका: सी विंगचं चेंबर.

बी-302 काकू: मेधा, तुझा अभ्यास आहे गं, पण चावला म्हणजे? कुंड्या तुझ्या, नात माझी.

ए-404 मेधा: काळजी वाटणारच, काकू. पण तो आपणहून माणसाच्या वाटेला जात नाही. हाताखाली दाबला गेला तर चावेल, दुखेल, जिवावर बेतत नाही. अळ्या, माश्या, पतंग खातो. मधमाशीही पकडतो, तेही सांगते. फोटोत त्याच्याखाली फिकट गोळा दिसतोय ना, ती अंड्यांची पिशवी. म्हणजे ही मादी आहे, पिल्लं निघेपर्यंत राखण करत बसेल. औषध मारलंत तर सगळीच जातील.

डी-203 वहिनी: आमच्या तुळशीवर तपकिरी, पट्ट्यापट्ट्यांचा आहे. तोही हाच का?

ए-404 मेधा: वहिनी, ऑक्सिओपीस असेल, त्याच कुळातला. तोंडावरून दोन काळ्या रेघा खाली उतरतात का? आणि पायांवर काटे? समोर गाडीच्या दिव्यांसारखे दोन मोठे डोळे असतील तर मात्र तो उड्या मारणारा कोळी, ते कुळ वेगळं.

डी-203 वहिनी: रेघा आहेत!! काटेपण!

बी-105 राणे: गच्ची आहे की राणीबाग?

ए-404 मेधा: राणे, गच्ची सगळ्यांची, पाणी मात्र मी एकटी घालते. गेल्या पावसाळ्यात न विचारता फवारलंत, त्यानंतर जास्वंदीला मिलीबग (पिठ्या ढेकूण) किती लागला ते सगळ्यांनी पाहिलंय.

सेक्रेटरी: आरोप नकोत. कमिटीचा ठराव होता.

सी-101 काका: त्याच ठरावात चेंबरही होतं.

बी-302 काकू: बरं बाई. ती कुंडी टाकीमागे सरकव. नातीला लांबून दाखवीन.

ए-404 मेधा: आलेच, काकू. फांदीला हात लावू नका, मी अलगद उचलते.

सेक्रेटरी: रविवारी जिना, डक्ट आणि सी विंगचं चेंबर. गच्ची वगळली.

सी-101 काका: नोटीस बोर्डावर लावा. सहीसकट.