अगिलेराचं 'ब्युटिफुल': पहिला टेक ठेवला म्हणून चाललं का?

सूरपेटी
अमेरिकन पॉपगायिका क्रिस्टिना अगिलेराच्या 'ब्युटिफुल'चा, म्हणजे 'मी सुंदर आहे, मला खाली ओढू नका' म्हणणाऱ्या गाण्याचा, विषय निघाला की चर्चा शब्दांवर अडते. माझं म्हणणं, गाणं उभं आहे ते एका निर्णयावर: डेमोसाठी, म्हणजे कच्च्या नमुन्यासाठी, एका दमात गायलेला आवाजच (टेक) रेकॉर्डवर ठेवला.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी: शब्द, चाल आणि निर्मिती, तिन्ही लिंडा पेरीची. 'व्हॉट्स अप?' गाजवणाऱ्या फोर नॉन ब्लॉन्ड्सची ही गायिका. २००१ मध्ये पिंक या गायिकेच्या 'मिसअंडाझ्टूड' अल्बमने पेरीचं नाव निर्माती म्हणून झालं. 'ब्युटिफुल' अगिलेराने मागितलं तेव्हा पेरी कचरत होती. देखणी, गळ्यावर हुकमत असलेली पॉपस्टार हे कोणत्या तोंडाने गाणार? म्हणून आधी नुसता डेमो गाऊन घेतला. माइकसमोर उभं राहिल्यावर अगिलेरा सोबतच्या व्यक्तीला म्हणाली, माझ्याकडे बघू नकोस. ते वाक्य गाण्याच्या आरंभी अजून ऐकू येतं. पेरीची शंका तिथेच मिटली. पुढे अगिलेराला ते सफाईने पुन्हा गायचं होतं. पेरी हटली नाही.

तिरपांगडा
असहमत. 'कच्चा टेक' ही गोष्ट ऐकायला छान, पण हे गाणं कोणीही नीट गायलं तरी उभं राहतं, कारण बांधणीच तशी आहे. कडव्यातले चार कॉर्ड बघा, ई फ्लॅटला सा माना. खालचा स्वर सा, मग कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध असा एकेक पायरी घसरतो. वरती सा आणि प मात्र चारही कॉर्डमध्ये हलत नाहीत. ग पहिल्या तिन्हीत शुद्ध, चौथ्यात कोमल. म्हणजे माणूस जागेवर उभा आहे आणि पायाखालची जमीन सरकते आहे. शब्दांनी जे सांगायचं ते पियानोवरच्या डाव्या हाताने आधीच सांगून टाकलंय. त्यात श्वासाच्या आवाजाचं श्रेय किती?

सूरपेटी
असा घसरणारा खर्ज, म्हणजे खालचा स्वर, शेकडो गाण्यांत आहे. ती सगळी का नाही लागत?

ध्वनिमुद्रक
डेमोचा आवाज ठेवणं हा भावनेचा प्रश्न वाटतो, पण तो आधी डोकेदुखीचा प्रश्न असतो. डेमो गाताना गायकाच्या हेडफोनमधला पियानो माइकमध्ये झिरपतो. नंतर पियानो नव्याने वाजवला की जुना त्याच्या मागे भुतासारखा ऐकू येतो आणि दोघांत काही मिलिसेकंदांचा फरक असला तरी आवाज पोकळ होतो. वर कम्प्रेसर (आवाजातला चढउतार कमी करणारं यंत्र) लावला की हळू ओळी वर येतात, आणि त्यांच्याबरोबर झिरपलेला आवाजही. दोन ओळींमधली जागा कापून टाकता येते, पण मग श्वास जातो. श्वास गेला की ज्यासाठी डेमो ठेवला तेच गेलं. डेमो क्लिकशिवाय, म्हणजे कानात लयीचे ठोके न घेता, गायला असेल तर ड्रमरला गायकाच्या मागे जावं लागतं, एरवीच्या उलट. पट्टी आणि लय दोन्ही गोठतात.

सांगायचा मुद्दा, असा टेक ठेवणारा निर्माता पुढचं सगळं काम त्या आवाजाभोवती रचतो. म्हणून 'कच्चं' हा शब्द मला पटत नाही. आवाज एका टेकचा असेल. तार-वाद्यं आणि मिक्स यांत भरपूर कारागिरी आहे.

कडवट_कारलं
तुम्ही सगळे स्टुडिओतच अडकलात. बाजाराकडे कोण बघणार? 'ब्युटिफुल' ज्या अल्बममधलं, त्या 'स्ट्रिप्ड'मधून सर्वांत आधी सुटं बाहेर आलेलं गाणं 'डर्टी'. त्याच्या व्हिडिओवर एवढी टीका झाली की अमेरिकेच्या हॉट १०० या लोकप्रियतेच्या यादीत ते ४८ व्या क्रमांकाच्या वर गेलं नाही. दोनच महिन्यांनी, नोव्हेंबर २००२ मध्ये, 'ब्युटिफुल' बाहेर. थेट दुसऱ्या क्रमांकापर्यंत. प्रतिमा धुऊन काढायला याहून चांगला साबण कुठला? आत्मस्वीकार वगैरे नंतर.

मीनाक्षी_र
@कडवट_कारलं, हा हिशेब अमेरिकेपुरता. ब्रिटनमध्ये 'डर्टी' पहिल्या क्रमांकावर होतं, म्हणजे तिथे धुण्यासारखं काही नव्हतं. तरीही मार्च २००३ मध्ये 'ब्युटिफुल'ही तिथे पहिलं आलं. साबणाची उपमा तिथे फसते.

गाण्याचं आयुष्य वाढवलं ते व्हिडिओने, हे मात्र कोणी लिहिलं नाही. योनास ओकरलुंड या स्वीडिश दिग्दर्शकाचा व्हिडिओ. अगिलेरा एका रिकाम्या घरात एकटी. बाकी वेळ आरशासमोर खंगलेली मुलगी, पोस्टरवरच्या देहांकडे बघत वजनं उचलणारा किडकिडीत मुलगा, बाईचे कपडे चढवणारा पुरुष, रस्त्यावर चुंबन घेणारे दोन पुरुष. २००२ मध्ये दिवसभर वाजणाऱ्या पॉप व्हिडिओत ते शेवटचं दृश्य सहजी दिसत नसे. २००३ मध्ये ग्लाड या समलिंगी हक्कांसाठी काम करणाऱ्या अमेरिकन संस्थेने त्याचा गौरव केला, आणि २०११ मध्ये स्टोनवॉल या ब्रिटिश संस्थेने आधीच्या दशकातलं सर्वांत बळ देणारं गाणं म्हणून समलिंगी समाजासाठी याचीच निवड केली. ग्रॅमी २००४ मध्ये मिळालं, पण ते गायनाचं. 'साँग ऑफ द इयर'साठी पेरीला नामांकनावर थांबावं लागलं. माझ्या मते तिथे हिशेब उलटा झाला.

तिरपांगडा
व्हिडिओबद्दल मान्य. पण मग २०२२ मध्ये विसाव्या वर्षानिमित्त नवा व्हिडिओ केला, समाजमाध्यमं आणि शरीराबद्दलचं दडपण हा विषय घेऊन. त्याची चर्चा जुन्याइतकी झाली का? व्हिडिओ नवा, गाणं तेच. आता सांगा कोणामुळे काय.

कडवट_कारलं
बरं, ब्रिटनचा मुद्दा घेतला. पण शब्दांचं काय? 'मी सुंदर आहे' असं कोरसमध्ये ठणकावून सांगायला लावणं म्हणजे स्वीकार कसा? सुंदर असणं आवश्यकच आहे हे गृहीत धरलंय की.

मीनाक्षी_र
ठणकावून नाही हो. कोरस संपतो तो विनवणीवर: मला खाली ओढू नका, *आज* नको. त्या 'आज'मध्ये उद्याची खात्री कुठे आहे? शिवाय कर्ता बदलत जातो. आधी 'मी', मग 'तू', शेवटी 'आपण'. पहिल्याच कोरसला 'आपण' असतं तर शाळेतली प्रार्थना झाली असती.

ध्वनिमुद्रक
+१. आणि म्हणूनच स्पर्धांमध्ये हे गाणं बहुतेकांचं कोसळतं. पहिली ओळ भरल्या आवाजात, पहिल्या कोरसला ताना. मग 'आपण' येईपर्यंत आवाजाला वर जायला जागाच उरत नाही. पहिलं कडवं बोलण्याच्या जवळ ठेवा. अलंकार शेवटच्या कोरसपर्यंत राखून ठेवा, तिथेही ओळीच्या शेवटी, शब्दाच्या मध्ये नाही.

सहा_तारा
वाद चालू द्या. @तिरपांगडा यांनी सांगितलेला खर्ज गिटारवर: कॅपो (सगळ्या तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) पहिल्या पडद्यावर, डी मेजर. मग पाचव्या तारेवर तिसरा, दुसरा, पहिला पडदा असं उतरायचं (कॅपोपासून मोजून): डी ओव्हर सी, बी मायनर सेव्हन, बी फ्लॅट मेजर सेव्हन. तिसऱ्या तारेचा दुसरा आणि दुसऱ्या तारेचा तिसरा पडदा चारही वेळा दाबलेलाच ठेवा, तेच ते न हलणारे प आणि सा. पहिली तार दुसऱ्या पडद्यावरून पहिल्यावर येते ती फक्त चौथ्या कॉर्डला. बरेच जण तो अवघड म्हणून बी मायनरवरच थांबतात, आणि मग जमीन सरकतच नाही.

सूरपेटी
आत्ता वाजवून पाहिलं. आवाज नसतानाही लागतंय. अर्धा मुद्दा सोडतो, अर्धाच.