नदीकाठच्या वाळूतून सांडपाण्यातलं क्लोराइड विहिरीपर्यंत कधी पोचतं?

रेतीघड्याळ: सांडपाण्याच्या खड्ड्यापासून विहीर ३०० मीटरवर, प्रवाहाच्याच दिशेला. वाळूची पारगम्यता दिवसाला २० मीटर, पाणीपातळीचा उतार ०.००२. गुणाकार केला तर रोज ०.०४ मीटर, म्हणजे ७५०० दिवस, वीस वर्षं. पण चौथं वर्ष संपतानाच क्लोराइड चढलंय. चुकतंय कुठे?

गाळपेर: तो डार्सीचा वेग झाला, म्हणजे पाणी जणू वाळूच्या पूर्ण छेदातून वाहतं असं धरून काढलेला. पाणी कणांमधल्या फटींतूनच वाहतं, म्हणून सच्छिद्रतेने (एकूण आकारमानातला फटींचा वाटा) भागा. ०.२५ धरली तर रोज ०.१६ मीटर, १८७५ दिवस. ही झाली सरासरी. चार वर्षांनी सरासरी पाणी २३४ मीटरवर असतं, पण विक्षेपणामुळे (काही पाणी सरासरीपेक्षा जलद, काही हळू जाऊन क्षार पसरत जाणं) आघाडी पुढे पळते. लांबीच्या दिशेची विक्षेपणक्षमता १० मीटर धरून (हा आकडा अंदाजाचाच असतो) आणि बाजूचं पसरणं सोडून, विहिरीत खड्ड्यातल्या तीव्रतेच्या साधारण १७ टक्के येतं.

तळगोटा: गणित बरोबर, पण नदीचा गाळ एकजिनसी नसतो. जुन्या पात्रातला गोट्यांचा पट्टा दिवसाला २०० मीटर पारगम्यतेचा निघाला तर त्याच उताराला १८८ दिवस पुरतात. अमेरिकेत मिसिसिपी राज्यात कोलंबसच्या हवाई तळावर १९८६ मध्ये नदीच्या गाळात ब्रोमाइड (क्लोराइडसारखंच न चिकटणारं, पाण्याचा माग काढायला वापरलेलं) सोडलं होतं. दीडेक वर्षानंतरही सर्वाधिक तीव्रता सोडल्या जागेच्या जवळच होती, आघाडी मात्र २०० मीटरच्या पुढे. चिकणमातीत मुरलेलं सावकाश परत झिरपतं, म्हणून खड्डा बुजवला की विहीर लगेच सुधारेल असं धरू नका.

नमुना पूर्ण खोलीच्या विहिरीतून घेतलात तर सगळे थर मिसळतात. वेगवेगळ्या खोलीचे पिझोमीटर (फक्त तळाशी पाणी आत घेणाऱ्या बारीक नळ्या) घ्या, पाणी आत येणारी जाळी अर्धा ते एक मीटर, वर बेंटोनाइटचं (फुगणाऱ्या चिकणमातीचं) बूच. बूच गळकं असेल तर वरचं पाणी नळीलगत खाली उतरतं आणि खोल थर उगाच दूषित दिसतो. उपसताना विद्युतवाहकता सलग तीनदा स्थिर आली की मगच बाटली भरा.

रेतीघड्याळ: जस्तालाही हेच गणित?

गाळपेर: नाही, ते कणांना चिकटतं. क्लोराइड जवळपास चिकटत नाही. वितरण गुणांक (कणांना किती चिकटतं आणि पाण्यात किती उरतं याचं प्रमाण) किलोला ०.५ लिटर, कोरड्या वाळूची घनता लिटरला १.८ किलो धरली, तर १ + (१.८ × ०.५ ÷ ०.२५) = ४.६ पट उशीर. पाणी आम्लधर्मी असेल तर गुणांक घसरतो, उशीरही.

तळगोटा: आणि ०.००२ हा उतार कोणत्या महिन्यातला? पुरात नदी चढली की तो उलटतो. एका रेषेत नसलेल्या तीन पिझोमीटरांची पातळी, शिवाय नदीची, दर महिन्याला एकाच दिवशी मोजा. त्या दिवशी पंप बंद ठेवा.