एल्ट्झच्या वाटेवरील अवशेष

‘जर्मनीतील राइन नदीकाठचे किल्ले बोटीतूनच पाहावेत, पडक्या भिंतींसाठी चढण चढण्यात अर्थ नाही’ असे मत इथल्या चर्चेत मांडले गेले, त्याच्याशी मी अर्धाच सहमत आहे. बोटीतून दिसणारे दृश्य सुंदर असते यात वाद नाही. परंतु त्यातील जे किल्ले आज सुबक आणि अखंड दिसतात, त्यांपैकी अनेक एकोणिसाव्या शतकातील पुनर्बांधणी आहेत. कोब्लेंट्सजवळचा श्टोल्त्सेनफेल्स 1689 साली फ्रेंच सैन्याने उद्ध्वस्त केला होता आणि आजची त्याची पिवळसर वास्तू ही प्रशिया या तेव्हाच्या जर्मन राज्याच्या राजघराण्याची हौस आहे. अस्सल मध्ययुगीन बांधकाम पाहायचे असेल, तर ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग किल्ला गाठावा.

चर्चेत मोझेल नदीजवळच्या एल्ट्झ किल्ल्याचा उल्लेख आला, पण त्याच्या समोरच्या उतारावरील ट्रुट्सएल्ट्झ या पडक्या गढीचा आला नाही. ट्रियरचा आर्चबिशप, म्हणजे तिथला मुख्य ख्रिस्ती धर्माधिकारी, बाल्डुइन याने 1331 च्या सुमारास एल्ट्झला वेढा घातला, तेव्हा वरून दगडांचा मारा करता यावा म्हणून त्याने ही छोटी गढी खास बांधून घेतली. एल्ट्झच्या सरदारांना अखेर त्याचे मांडलिकत्व पत्करावे लागले. आज जिंकणाऱ्याची गढी भग्न आहे आणि हरणाऱ्यांचा किल्ला त्याच घराण्याकडे शाबूत आहे, कारण 1689 च्या विध्वंसाच्या वेळी घराण्यातीलच एक जण फ्रेंच सैन्यात वरिष्ठ अधिकारी होता. मोझेलकेर्न रेल्वे स्थानकापासून ओढ्याच्या काठाने, झाडीतून, एल्ट्झपर्यंत चालत जाता येते. हिवाळ्यात मात्र किल्ला बंद असतो आणि आतील दालनांत छायाचित्रे काढू देत नाहीत.