मदत हवी आहे: थीम पार्कचा वार्षिक पास घ्यावा का? रविवारपर्यंत ठरवायचंय

रंकाळाकाठ (शुक्रवार, रात्री ९:१०)
वार्षिक पास माणशी ४४९९ ला मिळतोय, एरवी ५९९९. सूट रविवारी रात्री बाराला संपते. एका दिवसाचं तिकीट १५०० आहे, म्हणजे तीनदा गेलं की पैसे वसूल. आम्ही कोल्हापूरला, घरात चौघं. मुलं मागं लागलीत, मिस्टर म्हणतात घेऊन टाक. ज्यांना यातलं कळतं त्यांनी सांगा, घ्यावा का नको? मोठं व्याख्यान नको, हो का नाही तेवढंच.

बिंदूचौक (९:१८)
कुठला पार्क? आणि मुलांची उंची किती? वय नको, उंची सांगा.

रंकाळाकाठ (९:२१)
लोणावळा-खोपोली पट्ट्यातला. नाव कशाला पाहिजे, नियम सगळीकडं सारखेच असतात की. उंचीचा पासशी काय संबंध?

आकडेमोड (९:३९)
नियम सारखे नसतात ताई, तिथंच फसायला होतं. पासच्या अटींची पीडीएफ उघडा आणि एवढं वाचून इथं टाका. मुदत खरेदीच्या तारखेपासून मोजतात का पहिल्या भेटीपासून? पास कोणत्या दिवशी चालत नाही? कोरडा पार्क आणि वॉटर पार्क दोन्ही आहेत का एकच? ४४९९ करासहित आहेत का कर वेगळा? तिकिटावरचा जीएसटी २०१८ मध्ये २८ टक्क्यांवरून १८ वर आला, पण १८ सुद्धा थोडे नाहीत. कर वेगळा असेल तर हाच पास ५३०९ ला पडतो, आणि मग तुमचं तीन भेटींचं गणित तिथंच मोडतं.

दुसरं, १५०० हे गेटवरचं तिकीट असणार. आठ-दहा दिवस आधी ऑनलाइन काढलं, मधल्या वाराला गेलं, कॉलेजचं ओळखपत्र असलं की बहुतेक पार्क दर कमी करतात. पासची तुलना गेटच्या दराशी करायची नाही, तुम्ही प्रत्यक्षात जो दर दिला असता त्याच्याशी करायची. तो १२०० धरला तर ४४९९ भागिले १२०० म्हणजे पावणेचार. तीन नव्हे, चार भेटी लागतात.

मिरजवाला (९:४७)
खोपोलीचा नाद सोडा, बंगळूरचं वंडरला बघा. मिरजेतून राणी चन्नम्मा पकडायची, रात्रभर झोपून सकाळी बंगळूर. पार्क म्हैसूर रोडला बिडदीजवळ आहे. ड्रायव्हिंग नाही, टोल नाही.

घाटवाट (९:५२)
@मिरजवाला, त्या वार्षिक पासचं विचारतायत. कोल्हापूर-बंगळूर ६०० किलोमीटर, तिथं वर्षात चारदा कोण जाणार?

मिरजवाला (९:५५)
चारदा जायची गरजच नाही, हेच तर सांगतोय. एकदाच जा, दोन दिवस राहा, पास-बिस काही नको.

पंचगंगातीर (१०:०४)
ताई, आधी गाडीचा हिशेब घाला, तिकिटाचा मागनं. कोल्हापूर ते खोपोली धरून चाला ३०० किलोमीटर, येऊन जाऊन ६००. गाडी १६ चं ॲव्हरेज देत असेल तर साडेसदतीस लिटर. पेट्रोल १०५ धरलं तर ३९३७ रुपये. शेंद्रे ते कागल सहापदरीच्या कामामुळं जागोजागी वळवलेला रस्ता आहे, सहा तास धराच. पहाटे चारला निघालात तर दहा-साडेदहाला गेटवर, आणि त्याच दिवशी परत यायचं तर मध्यरात्र उलटते. दिवसभर खेळून दमलेली पोरं मागच्या सीटवर आणि अख्ख्या दिवसाचा थकलेला माणूस स्टेअरिंगवर, हे करू नका. मुक्काम धरा. तो अडीच-तीन हजार.

म्हणजे एका खेपेला सात हजार, तिकीट सोडून. तिकीट वाचवायला चार खेपा केल्या तर २८ हजार रस्त्यावर.

शाहूपुरीकर (१०:११)
टोलसाठी फास्टॅगचा वार्षिक पास काढा, मग मुंबईपर्यंत सगळं त्यात.

घाटवाट (१०:१९)
सगळं त्यात नाही. हा पास १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३००० रुपयांत २०० फेऱ्या किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते, खासगी कार-जीपसाठी. चालतो राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यांवर. आपल्या पुण्याच्या वाटेवरचे किणी, तासवडे, आनेवाडी, खेड शिवापूर हे चारही नाके त्यात येतात. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे राज्याच्या रस्ते विकास महामंडळाचा आहे, तिथं हा पास चालत नाही, नेहमीसारखे पैसे कापले जातात.

आणि फेरी म्हणजे येऊन-जाऊन नव्हे. एक नाका ओलांडला की एक फेरी. पुण्याला जाऊन यायला आठ गेल्या. २०० मध्ये अशा २५ खेपा बसतात. एका नाक्याला १५ रुपये पडले. पुण्याला वरचेवर जाणाऱ्याला तो पास डोळे झाकून घ्यावा. पार्कच्या पासचं तसं नाही.

शाहूपुरीकर (१०:२३)
बरं, एक्सप्रेसवेचं माहीत नव्हतं. बाकी कराडच्या पुढं जेवायला थांबायचं कुठं, तेही सांगा कुणीतरी.

बिंदूचौक (१०:२५)
जेवणाचा वेगळा धागा आहे, तिकडं विचारा. ताई, उंची?

रंकाळाकाठ (१०:४१)
मोजली. मोठी १३२ सेंमी, धाकटा ९६. अटीही वाचल्या. मुदत खरेदीच्या तारखेपासून ३६५ दिवस. कर धरून ४४९९. दोन्ही पार्क आहेत. १०० सेंमीच्या खाली मूल फुकट. दिवाळीचे आठ दिवस, २४ डिसेंबर ते १ जानेवारी, होळी-धुळवड, सगळ्या जोडून आलेल्या सुट्ट्या आणि मे महिन्यातले शनिवार-रविवार पास चालणार नाही. आता तरी सांगा, घेऊ का नको?

बिंदूचौक (१०:५८)
आता बोलता येतं.

धाकट्याला पास घेऊच नका. ९६ म्हणजे आज तो फुकट आहे. या वयात मुलं वर्षाला साधारण सहा-सात सेंमी वाढतात, म्हणजे अजून सात-आठ महिने तो फुकटच जाणार. चार नव्हे, तीन पासांचा हिशेब करा: १३,४९७.

मोठीचं जास्त महत्त्वाचं आहे. पोरं ज्या मोठ्या रोलर कोस्टरसाठी हट्ट करतात त्याला साधारण १४० लागते. तुमच्या पार्कची अट राइडच्या पानावर बघून घ्या. १३२ वरून वर्षभरात ती १३७-१३८ होईल. म्हणजे पासच्या अख्ख्या मुदतीत ती त्या राइडच्या रांगेतून परत फिरणार. तिथल्या माणसाशी वाद घालून उपयोग नसतो. खांद्यावरचा किंवा मांडीवरचा दांडा अमुक उंचीच्या अंगावरच नीट बसतो, त्याहून लहान मूल खालून सरकू शकतं. दोन सेंमीचीही सूट देत नाहीत आणि देऊही नये.

उंची परत एकदा नीट मोजा. अनवाणी, टाचा भिंतीला टेकलेल्या, केसांचा बो काढून, डोक्यावर पाठ्यपुस्तक आडवं ठेवायचं, एक कड भिंतीला चिकटलेली, खाली पेन्सिलची रेघ आणि मग टेप. मुलाला मान वर करू देऊ नका, त्यानं फरक पडतो.

आकडेमोड (११:१२)
आणि आता कॅलेंडर घ्या. भिंतीवरचंच घ्या, मोबाइलमधलं नको. पास चालणार नाही त्या तारखांवर फुल्या मारा. मग शाळेच्या दिवसांवर. मग परीक्षांच्या आधीच्या रविवारांवर. उरलेल्या चौकोनांतून जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंतचे वेगळे काढा, कारण त्या पट्ट्यात पाऊस आपल्या गगनबावड्यासारखा कोसळतो. वीज कडकडली की उघड्यावरच्या उंच राइड थांबवतात, रूळ ओले असले की ब्रेकची पकड बदलते म्हणूनही थांबवतात. पास असला काय, तिकीट असलं काय, पावसानं राइड बंद राहिली तर पैसे परत नाहीत.

सूट आत्ताच का लागली, ते यातच आलं. शाळा सुरू झाल्या, पाऊस लागला, गर्दी आटली. पार्कला आता माणूस पाहिजे.

पंचगंगातीर (११:१७)
फुल्या मारून माझ्या अंदाजानं पाच-सहा रविवार उरतील. त्यातल्या चारांना सहा तास गाडी मारायची, सोमवारी शाळा. व्हायचं नाही ते.

कणेरीवाट (११:२०)
एवढ्या लांब जाण्यापेक्षा मुलांना कणेरी मठावर न्या. सिद्धगिरीचं ग्रामजीवन संग्रहालय आहे, बलुतेदारांचे खऱ्या माणसाएवढे पुतळे, अर्धा दिवस सहज जातो. वर्षातून कितीदाही जा.

रंकाळाकाठ (११:२२)
कणेरी तीनदा झालं आहे. पासबद्दल बोला प्लीज.

नायलॉनदोरी (११:३१)
वॉटर पार्कचं कुणीच सांगितलं नाही. पासमध्ये कॉस्च्युम येत नाही. सुती कपडे, जीन्स, ओढणी, साडी चालत नाही, नायलॉन किंवा लायक्राच पाहिजे. सुती कापडाचे धागे सुटून फिल्टरला अडकतात आणि झिप-बटणांनी घसरगुंडीचं फायबर ओरखडतं. भाड्यानं घेतलं तर भाडं अधिक डिपॉझिट, दर भेटीला. चौघांना एकदा विकत घेऊन टाका, घालून पाणी लावून बघा, सैल झालं तर घसरताना वर चढतं. लॉकर वेगळा, पार्किंग वेगळं, रांग टाळायचा फास्ट पास वेगळा. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, लहान बाळाचं सोडून. या सगळ्यावर पास काही वाचवत नाही. खाण्यावर पासवाल्यांना सूट आहे का बघा, काही ठिकाणी असते.

रंकाळाकाठ (११:४४)
एक सांगायचं राहिलं. माझा भाऊ चिंचवडला असतो. मुलं मे महिन्यात दरवर्षी तिथंच असतात, चांगले वीस-पंचवीस दिवस. तोच नेणार होता त्यांना.

बिंदूचौक (११:४६)
ताई, हे पहिल्या ओळीत पाहिजे होतं. हिशेब पूर्ण बदलला.

घाटवाट (११:५३)
चिंचवडहून किवळ्याला एक्सप्रेसवे लागतो, खोपोली साठेक किलोमीटर. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. पेट्रोल आठशेच्या आत, मुक्काम नाही. मग चार भेटी सहज होतात.

आकडेमोड (शनिवार, सकाळी ७:३५)
होतात, पण दोन अडचणी बघा. एक, मुलांना एकटं आत सोडत नाहीत, बरोबर मोठं माणूस लागतं आणि त्याचंही तिकीट किंवा पास लागतो. पासवर फोटो असतो, तो दुसऱ्याला देता येत नाही. म्हणजे पास तुम्हा दोघांना नको, जो नेणार त्याला पाहिजे. दोन, मे महिन्यात शनिवार-रविवार बंद. भाऊ नोकरीला असेल तर नेणार कधी?

रंकाळाकाठ (७:५०)
भावाला रविवारचीच सुट्टी. वहिनी घरी असते, तिला गाडी येते.

आकडेमोड (८:२०)
मग पास दोनच: वहिनी आणि मोठी. ८९९८ रुपये. तुम्ही दोघं कधी गेलात तर त्या दिवसाचं तिकीट काढा. वहिनींनी स्वतः राइडमध्ये बसायचं असेल तर रक्तदाब, पाठीचं दुखणं, गरोदरपण यांच्या अटी त्यांना आधी वाचायला द्या.

पण तोही पास आत्ता घेऊ नका. मुदत खरेदीपासून आहे. या रविवारी घेतला तर अकरा महिने कपाटात पडून राहणार आणि पुढच्या मेपासून जूनच्या मध्यापर्यंत काय वापराल तेवढंच. त्याऐवजी पुढच्या वर्षी २० मेच्या सुमारास घ्या. मग २० मे ते शाळा सुरू होईपर्यंतची सुट्टी मिळाली, आणि त्याच्या पुढच्या वर्षीची २ मे ते १९ मेसुद्धा. एका पासात दोन उन्हाळे. शिवाय तेव्हा मोठी १३७ असेल आणि दुसऱ्या उन्हाळ्यात १४२-१४३, म्हणजे तिची मोठी राइडही त्याच पासात बसते. हा पासामागच्या दीड हजाराच्या सवलतीपेक्षा मोठा फायदा आहे.

शाहूपुरीकर (८:२८)
पण मेमध्ये सूट नसणार. ५९९९ पडले तर?

आकडेमोड (८:३६)
दोन पासांचे १२ हजार. १२०० च्या तिकिटानं दोघींच्या पाच भेटी. दोन उन्हाळ्यांत मिळून मधल्या वाराच्या पाच भेटी चिंचवडहून होतात. पाच होणार नसतील तर पास नकोच, आगाऊ ऑनलाइन तिकीट काढा.

पंचगंगातीर (८:४१)
धाकटं तोवर १०० च्या वर जाईल, त्याचं तिकीट धरा.

नायलॉनदोरी (८:४४)
पहिल्या दिवशी फोटो-नोंदणीला काउंटरवर वेळ जातो, गेट उघडायच्या अर्धा तास आधी पोचा आणि आधारकार्ड मूळ न्या. आणि व्हॉट्सॲपवर कुणी अर्ध्या किमतीत पास देतो म्हणाला तर पैसे पाठवू नका, पार्कच्या स्वतःच्या साइटवरच घ्या.

रंकाळाकाठ (९:१५)
आत्ता घेत नाही. मिस्टरांना फुल्या मारलेलं कॅलेंडर दाखवलं, ते पण हो म्हणाले. वहिनीला फोन केलाय. ती विचारते, मधल्या वारांपैकी पार्क देखभालीसाठी बंद असतो का एखादा?

बिंदूचौक (९:२२)
काही पार्क ठेवतात, विशेषतः गर्दी नसलेल्या महिन्यांत. मेमध्ये सहसा नाही. तरी आदल्या दिवशी साइटवर त्या तारखेचं तिकीट विक्रीला आहे का बघायचं. विक्रीला नसेल तर फोन करून खात्री केल्याशिवाय निघायचं नाही.