घरच्या घरी व्यायामाची सुरुवात: ४७ वर्षं, बैठं काम, बीपीची गोळी (बडोदा)

रावपुरा४७:
नमस्कार मंडळी. वजन ८१ किलो, उंची १६८ सेंमी. बीपी गोळीवर आटोक्यात आहे, साखर नॉर्मल. जिने चढताना गुडघे कुरकुरतात, पण सूज नाही. सकाळी अर्धा तास मिळतो, जिमला जायचं नाही आणि सामानही विकत घ्यायचं नाही. घरात भिंत, चटई, प्लॅस्टिकची खुर्ची आणि हॉलमध्ये झोपाळा आहे. नवरात्रात तासभर न धापता गरबा खेळता यावा एवढीच अपेक्षा. यूट्यूबवर कुणी ५० बैठका सांगतो, कुणी १२ सूर्यनमस्कार. नेमकं काय करू?

तालीमवाला:
आधी गोळीचं नाव बघा. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल अशांपैकी असेल तर नाडी मुळातच फारशी वाढत नाही, त्यामुळे घड्याळातल्या आकड्यावर जाऊ नका. बोलून बघा: पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम हवा. लघवीवाटे पाणी काढणारी गोळी असेल तर आपल्या उन्हाळ्यात चक्कर येऊ शकते, म्हणून सकाळी आठच्या आत उरका आणि डॉक्टरांच्या कानावर घाला.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. प्रत्येक प्रकार ८ वेळा, दोन फेऱ्या, फेऱ्यांमध्ये मिनिट-दीड मिनिट विश्रांती. अजून दोन-तीन सहज झाले असते असं वाटतानाच थांबायचं.

१. ऊठबस. प्लॅस्टिकची खुर्ची नको, लादीवर तिचे पाय फाकतात. साधारण ४५ सेंमी उंचीचा दिवाण घ्या. पावलं खांद्याइतकी फाकवून, तीन मोजत खाली, टेकताक्षणी वर. गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहू द्या. बहुतेकांचा आत वळतो आणि दुखणं तिथूनच सुरू होतं. दुखलं तर दिवाणावर दोन उशा ठेवून उंची वाढवा, प्रकार सोडू नका.

२. भिंतीवर दंड. हात छातीच्या उंचीवर, पावलं भिंतीपासून दोन फूट. कोपर अंगापासून ४५ अंशांत ठेवा, थेट बाजूला फाकवले की खांदा धरतो.

३. पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलणं. वर दोन सेकंद थांबा. ताण कुल्ल्यांवर यायला हवा. मांडीच्या मागे गोळा आला तर टाचा जवळ घ्या.

४. ओढणं. घरच्या व्यायामात हेच हमखास राहून जातं, आणि दिवसभर कॉम्प्युटरपुढे वाकलेल्या पाठीला गरज याचीच. पाठीवरच्या पिशवीत लिटरच्या चार भरलेल्या बाटल्या ठेवा, म्हणजे चार किलो. एक हात दिवाणावर टेकून, पाठ सपाट ठेवून, दुसऱ्या हाताने पिशवी बरगडीपर्यंत ओढा.

जोर लावताना श्वास बाहेर. श्वास कोंडला की बीपी झटक्यात चढतं. छातीत दाब आला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा.

मांजलपूरची:
सूर्यनमस्कार का वगळले? शिवाय गरब्यासाठी यात पोटऱ्यांचं काहीच नाही.

तालीमवाला:
पोटऱ्यांचं बरोबर, राहिलंच. भिंतीला हात लावून टाचा वर, १०-१२ वेळा, खाली येताना सावकाश. गिरक्या आणि उड्यांचा मार पोटरीवर आणि टाचेमागच्या शिरेवर पडतो, म्हणून हे पहिल्या दिवसापासून.

सूर्यनमस्कार वाईट नाहीत, पण त्यात डोकं खाली जाऊन झटकन वर येतं. बीपीच्या गोळीवर असणाऱ्याला घेरी येऊ शकते. शिवाय मनगटावर आणि कमरेवर एकदम भार येतो. सहा-आठ आठवड्यांनी दोन-तीन, सावकाश, हरकत नाही. दांडिया बाजारात जुम्मादादा व्यायाम मंदिर असलेल्या गावात दंड-बैठकांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही! पण टाचा उचलून पूर्ण खाली जाणारी बैठक गुडघ्यावर मोठा भार टाकते. कुरकुरणाऱ्या गुडघ्याने ५० बैठका पहिल्याच आठवड्यात म्हणजे पुढचा महिना बाम चोळण्यात.

मांजलपूरची:
मग दमाचं मी सांगते. उरलेल्या दिवसांत झपाझप चालणं, सुरुवातीला १५ मिनिटं, दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत. आठवड्याला १५० मिनिटांचं माप सगळेच सांगतात, तिथे दोन-अडीच महिन्यांत पोहोचा, घाई नाही. कमाटीबागेत सकाळी सावली असते. नवरात्राच्या महिनाभर आधीपासून आठवड्यातले दोन दिवस चालण्याऐवजी घरीच गरब्याची गाणी लावून पाच मिनिटं खेळा, दोन मिनिटं थांबा, असं चारदा. लादीवर अनवाणी उड्या मात्र नको.

रावपुरा४७:
सुरू केलं. पहिल्या दिवसानंतर मांड्या दुसऱ्या दिवशी जास्तच दुखल्या. थांबू का? आणि झोपाळ्याचा काही उपयोग?

तालीमवाला:
नव्या व्यायामाची अंगदुखी २४ ते ७२ तासांत शिगेला जाते आणि आपोआप उतरते. दोन्ही मांड्या सारख्या, दाबल्यावर दुखतात ना? मग त्या दिवशी फक्त चाला. सांध्यात एकाच जागी कळ, सूज किंवा रात्री झोपमोड असेल तर ती वेगळी गोष्ट, दाखवून या.

दोन्ही फेऱ्यांत १२ सहज जमले की एकच गोष्ट वाढवायची: उशी काढा, किंवा पावलं भिंतीपासून लांब घ्या, किंवा पाचवी बाटली. तिन्ही एकाच दिवशी नको.

झोपाळ्याच्या पाटावर बसून ऊठबस करू नका, तो मागे सरकतो. छताचा हूक मात्र उपयोगाचा, तोही स्लॅबच्या सळईत अडकवलेला असेल तरच. नंतर भोक पाडून ठोकलेला असेल तर हात लावू नका. पिशवी हलकी वाटायला लागली की पाट काढून हुकातून जाड नायलॉनचा दोर ओवा, दोन्ही टोकं छातीच्या उंचीवर धरा, अंग फळीसारखं ताठ ठेवून थोडं मागे रेला आणि छाती हातांपर्यंत ओढा. पावलं पुढे घसरतात, म्हणून टाचा भिंतीच्या कडेला अडवा. दोर हुकाशी घासून झिजतो, दर आठवड्याला तेवढी जागा बोटांनी चाचपा.