आजोळच्या ट्रंकेत गंजिफा सापडलाय. सावंतवाडीकर, मदत करा

सालईवाड्याचा_नातू: आजोळचं घर रिकामं करताना आजीच्या ट्रंकेत रंगवलेली लाकडी पेटी मिळाली. आत गोल पत्ते, मासा, कासव, परशू अशी चित्रं. मोजले तर 117. आजी होती तेव्हा कधी विचारलं नाही. संच पुरा आहे का? खेळतात कसा?

पुस्तकी_किडा: दशावतारी गंजिफा, हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा जुना खेळ. दहा अवतार, प्रत्येकाचे बारा पत्ते: राजा, प्रधान आणि एक ते दहा. म्हणजे 120. तुमचे तीन गेले.

मोतीतलावाकाठचो: झिला, आधी एक ऐक. ओल्या फडक्यान पुसूक जाव नको! आत चिंचोक्याची खळ असते, पाणी लागलं की थर सुटतात. आमच्या घरी एकाने हुशारी केली आणि अख्खा नरसिंह घालवला.

पावसात आमच्या पडवीत डाव बसायचा. तीन गडी, 40-40 पत्ते. हुकूम नसतो, त्यामुळे कुठला पत्ता पडून गेला हे डोक्यात ठेवावं लागतं. त्यात पहिल्या पाच अवतारांत राजा-प्रधानाखाली दश्शी मोठी, पुढच्या पाचांत एक्का मोठा. मला हे कधीच धड जमलं नाही. आजी मात्र गवार मोडता मोडता सगळ्यांना हरवायची. दिवसा रामाचा राजा ज्याच्याकडे तो उतारी करणार, म्हणजे पहिला पत्ता टाकणार; दिवे लागल्यावर कृष्णाचा.

1948 ला संस्थान विलीन झालं, राजाश्रय गेला, आणि छापील पत्ते तर स्वस्तात मिळायचे. चितारआळीत, म्हणजे कारागिरांच्या गल्लीत, मग लाकडाची फळं, भाजी, भातुकली हेच जास्त. (त्या लाकडी केळ्याला मी लहानपणी खरोखर दात लावलाय.) गंजिफा टिकला तो इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवींमुळे. राणीसाहेब स्वतः शिकल्या, राजवाड्यात कारागीर बसवले. आजही दरबार हॉलात पत्ते रंगवताना बघता येतात. सुटे पत्ते करून देतात का, तिथेच विचार. रेल्वेने येणार असशील तर स्टेशन मळगावला आहे, पुढे रिक्षा. उतरल्या उतरल्या मोती तलाव शोधत बसू नकोस, तो शहरात आहे.

पुस्तकी_किडा: पण नक्की कुठले तीन नाहीत? अवतारवार लावून बघा.

सालईवाड्याचा_नातू: लावले, बहीण आणि मी, जमिनीवर, पंखा बंद करून. कासवाची सत्ती, वराहाची चौकी आणि रामाचा राजा नाही. म्हणजे उतारीच अडली ना?

मोतीतलावाकाठचो: कृष्णाचो राजा आसा मां? मगे रातीचो खेळा. तिन्ही पत्त्यांच्या जागी पुठ्ठ्याचे गोल काप. तिसरो गडी नसलो तर माका बोलव.